अकरा मासे आणि जाईबाईचा नळ

जाईबाई डोंगरदिव्यांच्या अंगणात साठ साली नळ आला, आणि त्या दिवसापासून त्या घरात शिळं पाणी कोणी पाहिलं नाही. सकाळी तोटीला धार लागली की कालचं सगळं पाणी अंगणातल्या फुटक्या काठाच्या माठात जायचं, ते लिंबाच्या झाडासाठी. मग हंडे, घागरी, तांबे राखेनं घासून लखलखीत करायचे आणि नव्यानं भरायचे. अमरावतीच्या त्या वस्तीत स्वतःचा नळ असलेली घरं मोजून तीन. एखादी शेजारीण बोललीच की कालच्या पाण्याला काय झालं होतं, तर जाईबाईचं उत्तर तयार.

"अवं, माही अर्धी जिनगानी विहिरीपाशी गेली. काठावर हंडा ठेवायचा न् दूर उभं राह्यचं. कोणाले दया आली त ओतन, नाई त वापस जा. आता तोटी माही, धार माही. मी कायले शिळं पिऊ?"

शेजारीण हसत आपल्या वाटेनं निघून जायची.

अशा घरात एकसष्टच्या डिसेंबरात सून शालू काचेची पेटी घेऊन आली. रिक्षातून उतरताना तिनं ती पोटाशी अशी धरली होती की जाईबाईला क्षणभर भलतीच आशा वाटली. मग पाहिलं तर पेटीत पाणी, आणि पाण्यात मासे. नखाएवढे. काहींच्या शेपट्या लाल-निळ्या, काही आपले साधे, मातकट.

शालू मुलींच्या शाळेत मास्तरीण. सगळ्या खानदानात हजेरीपटावर सही करणारी पहिली बाई. स्वतः जाईबाईची शाळा दुसरीत सुटली होती. पाटी अजून अक्षर-अक्षर लावून वाचायची. "माही सून मास्तरीण हाय" हे ती वस्तीत दिवसातून तीनदा सांगायची. शालूच्या तोंडावर मात्र एकदाही नाही.

"हे काय खायाचे हायेत?"

"नाही आत्याबाई. गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खातात. अकोल्याला सगळ्या शाळांचं विज्ञानाचं प्रदर्शन आहे, दोन आठवड्यांनी. आमच्या शाळेतून मला निवडलं."

"तुले? मोठ्या बाईइले सोडून?"

"मलाच."

जाईबाई खाली बसली आणि काचेला नाक लावलं. तिचा नवरा डोमाजी हिवतापानं गेला होता. कापसाच्या जिनात काम करता करता थरथरायला लागला, तो आठव्या दिवशी संपला. शालूनं डबक्यातून आणलेल्या वाटीभर अळ्या पेटीत ओतल्या आणि त्या अकरा माशांनी जी झडप घातली! एकही उरली नाही. जाईबाईनं मांडीवर थाप मारली.

"खा रे माह्या लेकाइनो! खा! एकही ठेवू नका!"

त्या दिवसापासून मासे घरचे झाले. जाईबाईनं त्यांना नावं ठेवली नाहीत, पण चेहरे ओळखायला लागली. शालूनं एकच गोष्ट बजावून सांगितली.

"आत्याबाई, पाणी बदलू नका. लागलं तर मी आठवड्यानं थोडं बदलेन."

"हाव, हाव," जाईबाई म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी शालू शाळेत गेल्याबरोबर तिनं मासे तांब्यात काढले, पेटी नारळाच्या शेंडीनं घासली आणि नळाच्या थंडगार, ताज्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली. आपण ताजं प्यायचं आणि ज्यांनी डोमाजीचा वैरी खाल्ला त्यांना शिळं? असं जाईबाईच्या हातून व्हायचं नव्हतं. शिवाय पोरीला काय कळतं पाण्यातलं! विहिरीच्या काठावर ती उभी राहिली होती का कधी?

असं रोज चाललं. वरून चिमूटभर ज्वारीचं पीठ, मायेनं.

चौथ्या दिवशी तिला एक मासोळी फुगलेली दिसली. साधी, मातकट, पोट हे एवढं, शेपटीच्या अलीकडे पोटावर काळा डाग, आणि शेपटीवर दोन-तीन पांढरे कण. जाईबाईनं वस्तीतली पन्नास-साठ बाळंतपणं केलेली. कोणाचं दुखणं कसं, हे तिला पदर बाजूला सारताच कळायचं. तिनं निदान केलं: पोटात पाणी झालं. ही जगत नाही, आणि बाकीच्यांनाही लागेल. तिनं मासोळी ओंजळीत घेतली. टाकायला गेली, पण ती आपली टकामका पाहत होती. शेवटी लिंबाच्या माठात सोडून दिली, वर फडकं टाकलं, आणि कालचं पाणी त्या दिवसापासून थेट लिंबाच्या मुळाशी ओतायला लागली. मर बाई तिथंच, निवांत.

संध्याकाळी शालूनं मोजले. "दहाच?"

"गेला एक," जाईबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

सहाव्या दिवशी शालू सकाळीच ओरडली. माशांच्या शेपट्यांवर, कल्ल्यांवर पांढरे ठिपके उठले होते. रवा भुरभुरावा तसे. एक मासा तळाच्या गोट्याला अंग घासत होता, झटक्यानं, खाज सुटल्यासारखा. दोघे पाण्याच्या वरच्या काठाला येऊन तोंडं वासत होते. ती लाल-निळी शेपटी, जी पंख्यासारखी उघडायची, ती मिटलेल्या छत्रीसारखी झाली होती.

"मले त देवी आल्यासारख्या दिसून राह्यल्या," जाईबाई म्हणाली.

"आत्याबाई, देवी आपण छप्पन साली सोडल्या ना!" शालूच्या डोळ्यांत पाणी होतं तरी ती हसली. मग हसू विझलं. "मी काय चुकतेय तेच कळत नाही. पाणी बदललं नाही, काही नाही. पुस्तकात तर लिहिलंय, एकदम पाणी बदललं तर होतं असं."

जाईबाईनं पदरानं चूल पुसली. चूल कोणी पदरानं पुसत नाही.

दुपारी दोघे मेले.

जाईबाई बसून राहणाऱ्यातली नव्हती. तिनं औषधाची रिकामी शिशी धुतली, त्यात एक ठिपकेवाला मासा घातला आणि पदराखाली धरून तडक बाजार गाठला. तिथे पार्बताबाई बसायची, मासे विकणारी धिवराची बाई, जन्म नदीवर गेलेला. समोरच्या घमेल्यात जिवंत मरळी वळवळत होत्या.

"काय व जाईबाई, शिशीत मासोळी? माह्यासमोर दुकान मांडतं काय?"

"दात काढू नको पार्बता. पाह्य याले काय झालं."

पार्बताबाईनं शिशी उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला. "गोट्याले अंग घासते?"

"घासते."

"शेपटी मिटून घेते? वर येऊन तोंड वासते?"

"तू काय माह्या घरात शिरून पाह्यलं काय व?"

"थंडीत डबक्यातल्या पिलाइले येते हे. खडे मीठ टाक पाण्यात. चाखलं त जिभेले जेमतेम कळलं पाह्यजे, बस. उन्हात ठेव, गारठू देऊ नको. खायाले कमी घाल, उरलंसुरलं सडते. न् हे सांग, पाणी कोणतं देऊन राह्यली?"

जाईबाईची मान ताठ झाली. "नयाचं. रोज पेटी घासून, रोज ताजं."

पार्बताबाई अशी हसली की घमेल्यातल्या मरळी दचकल्या. "रोज? अवं, त्याइचं घर रोज मोडतं न् रोज बांधतं! नयाच्या पाण्यात दवा असते, मले नाकानं कळते. आमी एक रोज उघडं ठेवल्याबिगर त्यात मासोळी सोडत नाई. न् ते गारगार! तुले कोणी पौषात दररोज थंड पाण्यात बुचकळलं त तू नाचशीन काय?"

"माह्या नयाले नाव ठेवू नको!" जाईबाईनं शिशी ओढून घेतली. "मीठ सांगतलं, बरं केलं. पाणी मले कोणी शिकवाचं नाई. पाण्यासाठी तू उभी राह्यली काय माह्याएवढी?"

"मी त जन्मभर पाण्यातच उभी हाय," पार्बताबाई म्हणाली.

जाईबाई तरातरा घरी आली. मीठ टाकलं, अगदी जिभेनं चाखून. पेटी उन्हात सरकवली. पीठ बंद केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? सकाळी पुन्हा ताजं पाणी भरलं. तिथे ती हटली नाही. दुपारी आणखी एक मासा उलटा होऊन तरंगत होता.

संध्याकाळी शालू कागद घेऊन बसली.

"काय लिहून राह्यली?"

"मोठ्या बाईंना चिठ्ठी. मी अकोल्याला जात नाही म्हणून. माझ्या हातून निष्काळजीपणा झाला, दुसऱ्या कोणाला पाठवा." तिनं वर पाहिलं नाही. "त्या म्हणालेल्या, पोरीला जमेल का. बरोबर होतं त्यांचं."

पोरीनं आपलं नाव आपल्या हातानं खोडायचं, तेही न केलेल्या चुकीसाठी! पण चुकलं म्हणायची जाईबाईच्या तोंडाला सवयच नव्हती.

"उद्या लिही," एवढंच ती म्हणाली. "दिवा कमी हाय. डोये जातीन."

सकाळी शालू शाळेत गेली. मासोळी एव्हाना मेली असेल, माठ रिकामा करावा म्हणून जाईबाई तांब्या घेऊन माठापाशी आली, फडकं काढलं, तांब्या बुडवला, आणि काहीतरी सर्रकन पळालं.

ती वाकली. ती फुगलेली मासोळी! मेलेली नव्हती, सुकलेली नव्हती. त्या दिवशी सोडताना तिच्या शेपटीवर दोन-तीन पांढरे कण होते, जाईबाईला ते पक्कं आठवत होतं. आता एकही नव्हता. शेपटी उघडलेली. जाईबाईनं बोट दाखवलं तर बोटाकडेच आली, बेशरम!

जाईबाईनं माठात हात घातला. पाणी उन्हानं कोमट, चार दिवसांचं, शिळं. मग ती आत गेली आणि पेटीत हात घातला. बोटं कळवळली. तिनं तोटी सोडली, ओंजळ नाकाशी धरली आणि वर्षभरात पहिल्यांदा आपल्या नळाच्या पाण्याचा वास घेतला. होता. दव्याचा उग्र वास होता. तिला तो कधी आलाच नव्हता, कारण तिला आपलं पाणी दिसलं की बाकी काही सुचतच नसे.

"पार्बते!" ती मोकळ्या अंगणात ओरडली. "पार्बते, तुह्या जिभेले हाड नाई, पण खरं बोलली तू!"

मग जी धावपळ सुरू झाली ती वस्तीनं पाहण्यासारखी. घरातले होते तेवढे मातीचे माठ, डेरे, परळ तिनं नळाखाली भरले आणि दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात ओळीनं मांडले, वर पातळ फडकी. मासोळी जगली ती मातीत, म्हणून तांब्या-पितळेला हात लावला नाही. लिंबाच्या माठातलं पाणी, तेच शिळं, तिनं पेटीतलं थोडं काढून थोडं घातलं. घटकाभरानं आणखी थोडं. वाटीनं, तान्ह्या लेकराला पाजावं तसं. दुसऱ्या दिवसापासून ओळीतल्या माठांची पाळी.

शेजारची आशाबाई कुंपणाशी आली. "काव मावशी, आज पाणी फेकलं नाई?"

"शिळं करून राह्यली."

"काय करून राह्यली?"

"शिळं! पाणी शिळं कराचं हाय मले! न् पाह्यजो, तुहं पोरगं त्याले हात लावन त हात मोडीन!"

शालू आली तर सासू पेटीला रजई पांघरत होती. "चिठ्ठी फाडून टाक," जाईबाई म्हणाली. "आठ रोज हायेत. माह्यावर सोड."

"पण आत्याबाई, असं काय केलं तुम्ही?"

"पार्बतानं मीठ सांगतलं," जाईबाई म्हणाली. ते खरंच होतं. पुरतं खरं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठिपके विरळ झाले. चौथ्या दिवशी एकानं लाल-निळी शेपटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि जाईबाईनं चुलीवरची भाजी सोडून शेजारणींना हाका मारल्या. सहाव्या दिवशी अळ्यांची वाटी ओतली तर सातच्या सात मासे तुटून पडले. शालू लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती.

निघायच्या सकाळी जाईबाई माठातल्या मासोळीचा निरोप घ्यायला गेली. त्या मासोळीची गोष्ट तिनं अजून शालूला सांगितली नव्हती. मेली म्हणून सांगितलेला जीव माठात पोहतो, हे कसं सांगायचं? फडकं काढलं आणि तिचं अंग शहारलं.

किडे! माठभर बारीक, काळपट, वळवळणारे किडे! डासांच्या अळ्या! तिच्या घरात, डोमाजीच्या घरात! तिनं माठाला हात घातला, एका बाजूनं उचलला, पाणी काठाशी आलं, पहिले दोन किडे काठावर आले, आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

डोळे होते त्यांना. दोन-दोन, मोहरीच्या कणाएवढे. आणि शेपूट. आणि तिच्या बोटाकडे येण्याची तीच बेशरमी.

"शालू!" आवाज असा फुटला की चार घरं बाहेर आली. "शालू, धाव! बाळंत झाली! माह्या माठात बाळंत झाली!"

"कोण?" शालू केस विंचरता विंचरता धावत आली. वाकली. "आत्याबाई! पिल्लं! गप्पी अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लंच देतात! पण ही मासोळी कुठून आली?"

"मेलेली," जाईबाई म्हणाली. "म्हणजे मीच मारलेली. मले वाटलं पोटात पाणी झालं."

शालूनं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला? पन्नास बाळंतपणं करून?"

"आता हास. हास तू. बाईचं पोट कळते मले, मासोळीनं कधी बोलावलं होतं काय!"

पण शालूला हसायलाही वेळ नव्हता. ती मोजत होती, मोजता मोजता चुकत होती, पुन्हा मोजत होती. सतरा. आईपासून वेगळी काढायला हवीत, नाहीतर खाऊन टाकते. पिल्लांसाठी लहान गाडगं. पाण्याची गोष्ट विचारायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. जाईबाईच्या ध्यानातून ती जात नव्हती.

मुलगा देवमन एस.टी.त कंडक्टर, आणि त्या दिवशी अकोल्याची गाडी त्याचीच. शालूच्या मांडीवर पेटी, जाईबाईच्या मांडीवर पिल्लांचं गाडगं, दोघींमध्ये मासोळीची शिशी.

"माय, ते खाली ठेव. लोकाइले जागा नाई."

"ठेवत नाई. सतरा जीव हायेत. फाड सतरा तिकिटं, फाडतं त!"

गाडीभर हशा पिकला. मूर्तिजापूरपर्यंत अर्ध्या गाडीनं गाडग्यात डोकावून घेतलं. एक म्हातारा तर आपला थांबा आला तरी उतरेना. जाईबाई सगळ्यांना दाखवत होती, हसत होती, आणि मेलेल्या माशांचं काय सांगायचं या काळजीत बसलेल्या सुनेकडे मध्येच पाहून गाडग्यावरचं फडकं सारखं करत होती.

अकोल्याच्या शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. शालूच्या टेबलाशी तर पोरींची झुंबड उडाली. अळ्यांची वाटी ओतली की किंकाळ्या. मग तपासणीचे साहेब आले. जाड चश्मा, हातात वही. त्यांनी पेटी पाहिली, पिल्लं पाहिली, मान डोलावली. मग शालूनं लिहिलेला तक्ता वाचला.

"सुरुवातीला अकरा होते असं लिहिलंय. तीन मेले?"

"हो सर. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला. थंडीमुळे."

"नुसत्या थंडीनं नाही होत, बाई. पाणी वरचेवर बदललं असेल. हा निष्काळजीपणा झाला. मुलांना शिकवणारानं असं करून कसं चालेल?"

शालूची मान खाली गेली. तिला ठाऊक होतं की तिनं पाणी बदललं नव्हतं. पण साहेबांसमोर ती म्हणाली, "माझी चूक झाली, सर."

"नाई झाली!"

सगळा हॉल वळला. जाईबाई गाडगं पोटाशी धरून पुढं आली.

"तिची कायची चूक? तिनं सांगतलं होतं मले, पाणी बदलू नका म्हणून. मी बदललं. रोज. ती शाळेत गेली का मागून. पेटी घासून, नयाचं गार पाणी भरून. तीन जीव माह्या हातानं गेले, साहेब. लिहा तुमच्या वहीत."

साहेब चश्म्यावरून पाहत राहिले. "पण का, आजी?"

"का म्हंजे? ताजं होतं म्हणून! माह्यापाशी त्याच्यापेक्षा चांगलं काई नव्हतं द्यायाले!" तिनं गाडगं दुसऱ्या हातावर घेतलं. "न् बरे केले तेही मीच. पाणी एक रोज उघडं ठेवलं, दव्याचा वास जाऊ देला. उन्हानं कोमट केलं. वाटीवाटीनं घातलं. मीठ पार्बता धिवरणीनं सांगतलं, तेही लिहा, नाई त माह्या नावानं बोंब मारन ते. दुखणं ओळखाचं असंन त शेपटी पाह्या. मिटली का समजा काई तरी चुकलं, न् पह्यले आपले हात पाह्या."

कोणीतरी टाळी वाजवली. मग पोरींनी, मग सगळ्यांनीच. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना ते शालूला म्हणाले, "हा भाग तक्त्यावर यायला हवा, बाई. रोग कशानं झाला, कसा ओळखला, कसा बरा केला. उद्या सगळ्या शाळांना हाच दाखवू."

ते पुढं गेले तरी शालू सासूकडे पाहतच होती. डोळे भरलेले, ओठ हसायच्या बेतात. "रोज, आत्याबाई? रोज बदललं?"

"रोज. रविवारी तू घरी होती, त्या दिवशी नाई." जाईबाईनं गाडगं टेबलावर ठेवलं. "आता मले बोलाचं असंन त घरी बोल. इथं नको. इथं मी तुही सासू होय."

शालूनं नवा कागद घेतला आणि ठळक अक्षरात लिहायला बसली. पूर्ण झाल्यावर कागद सासूपुढं धरला. जाईबाईनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. चूक: जाईबाई डोमाजी डोंगरदिवे. मग खालची ओळ. उपचार: जाईबाई डोमाजी डोंगरदिवे. आणि त्याखाली, मिठाचा सल्ला: पार्बताबाई.

आपल्या नावाच्या दोन्ही ओळी तिनं दोनदा वाचल्या. गाडग्यात सतरा पिल्लं काठाशी जमली होती, तिच्या बोटाची वाट पाहत.

"चांगलं लिहिलं," ती शालूला म्हणाली, तोंडावर, पहिल्यांदाच. मग कागद हातात घेऊन पाहिला, भिंतीकडे पाहिलं. "वर लाव पण. इतकं खाली वाकून कोण वाचन?"